सात रात्री, छप्पन्न शॉर्ट रेस्ट: एका कॉफीलॉकचं प्रकरण

पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फाशांनी खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, आठव्या लेव्हलची पात्रं, दर शनिवारी रात्री चार तासांचा खेळ. टेबलावर पाच जण: एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारी) आणि चार खेळाडू. पात्रं क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा), मंक (हातापायांनी लढणारा), ‘रोग’ (rogue, म्हणजे चोरटा) आणि सॉर्सरर-वॉरलॉक (जादूगारांचे दोन वर्ग एकाच पात्रात). ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळी मेख आकड्यांतच आहे.

चौथ्या खेळाडूने सॉर्सररच्या पाच लेव्हल आणि वॉरलॉकच्या तीन घेतल्या होत्या. या जोडीला जगभरचे खेळाडू गमतीने ‘कॉफीलॉक’ म्हणतात, कारण हे पात्र झोपतच नाही. डीएमने हे नाव ऐकलेलं नव्हतं. तिला एवढंच सांगितलं गेलं की, ‘सॉर्सररला थोडा वॉरलॉक लावतोय.’ तिने मान डोलावली. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात मल्टिक्लास (एका पात्रात दोन वर्ग मिसळणं) हा ऐच्छिक नियम आहे, डीएमने हो म्हटलं तरच लागू होणारा. म्हणजे प्रश्न विचारायची हक्काची जागा तीच होती, आणि ती तशीच गेली.

पळवाट कशी चालते

जादूचे स्लॉट (एक मंत्र टाकला की एक खर्च; पातळी वरची तितका मंत्र मोठा) दोन वेगवेगळ्या तिजोऱ्यांत असतात. सॉर्सररचे स्लॉट आठ तासांच्या लाँग रेस्टनंतरच भरतात. वॉरलॉकचे थोडे असतात, पण एका तासाच्या शॉर्ट रेस्टमध्ये परत येतात. तिसऱ्या लेव्हलच्या वॉरलॉककडे दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. इथवर काहीच बिघडत नाही.

बिघडतं ते सॉर्सररच्या ‘फ्लेक्सिबल कास्टिंग’मुळे. स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करता येतात: जितक्या पातळीचा स्लॉट, तितके पॉइंट. उलट पॉइंट देऊन स्लॉट घडवता येतो: पहिल्या पातळीला २ पॉइंट, दुसरीला ३, तिसरीला ५. मोडायचा स्लॉट सॉर्सररचाच हवा अशी अट कुठेच नाही. शिवाय घडवलेला स्लॉट कधी जातो, तर लाँग रेस्ट पूर्ण झाल्यावर. लाँग रेस्ट घेतलीच नाही तर तो जातच नाही.

आता या पात्राचा हिशेब. पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररला एका वेळी पाचाहून जास्त पॉइंट जवळ ठेवता येत नाहीत. शून्यापासून सुरुवात केली. पहिला तास झाला, वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट मोडले, ४ पॉइंट आले. त्यातले ३ देऊन दुसऱ्या पातळीचा स्लॉट घडवला, हाती उरला १. दुसरा तास झाला, पुन्हा ४ आले, झाले ५. पाचही देऊन तिसऱ्या पातळीचा स्लॉट घडवला, हाती शून्य. एकही पॉइंट वाया नाही. दर दोन तासांना दुसऱ्या पातळीचा एक आणि तिसऱ्या पातळीचा एक. आठ तासांच्या रात्रीत चार आणि चार. पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररकडे तिसऱ्या पातळीचे स्वतःचे स्लॉट दिवसाला दोनच असतात, हे लक्षात घेतलं की या चारांचं वजन कळतं.

राहिली झोप. २०१७ च्या ‘झॅनथर्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये वॉरलॉकसाठी ‘आस्पेक्ट ऑफ द मून’ नावाचं इन्व्होकेशन, म्हणजे निवडून घ्यायची खास शक्ती, आहे: पात्राला झोपेची गरज उरत नाही. ते मिळायला तिसऱ्या लेव्हलला मिळणारा पॅक्ट ऑफ द टोम लागतो. या खेळाडूने नेमका तोच घेतला होता.

अडचण उभी राहिली ती अशी

कथेत टोळी एका बंदरातून जीव वाचवून पळाली आणि जहाजात बसली. सगळ्यांचे स्लॉट रिकामे, पॉइंट शून्य. प्रवास सात दिवसांचा. समुद्रावर काही घडवायचं डीएमच्या मनात नव्हतं, पलीकडच्या किनाऱ्यावरची गढी हा खरा मामला होता. ती म्हणाली, “सात दिवस गेले असं धरा. हवी तेवढी रेस्ट घ्या.”

बाकी तिघांनी पात्राच्या शीटवरचे आकडे पूर्ववत केले. चौथ्याने वही काढली. तिच्यात पेन्सिलने पाच-पाचच्या जुड्या, प्रत्येक पाचवी रेघ तिरपी. सात रात्री, रात्रीचे आठ तास, एकूण छप्पन्न शॉर्ट रेस्ट. दुसऱ्या पातळीचे २८ स्लॉट, तिसऱ्या पातळीचे २८. दिवसाचे तास त्याने धरलेच नव्हते. धरले असते तर कोण अडवणार होतं? त्याच्या दृष्टीने हा संयमच होता, आणि पुढे बोलणं निघालं तेव्हा त्याने ते आवर्जून सांगितलं.

गढीच्या अंगणात दहा बँडिट (साधे लुटारू) आणि दोन व्हेटरन (मुरलेले लढवय्ये) होते. फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा आगीचा मंत्र, म्हणजे सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८, वीस फूट त्रिज्येत. बँडिटला ११ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच मार सोसायची ताकद. बचावाचा फासा जिंकला तरी निम्मं म्हणजे १४ बसतं, तो मरतोच. पहिल्या फायरबॉलमध्ये दहाच्या दहा गेले. व्हेटरनला ५८ हिट पॉइंट. दोन फायरबॉल मिळून सरासरी ५६. उरलेले दोन-चार पॉइंट रोगने आणि मंकने टिपले. क्लेरिकची पाळी आली तेव्हा करायला काही शिल्लक नव्हतं. तासभर चालेल म्हणून मांडलेली लढाई पंधरा मिनिटांत आटोपली.

पहिला उपाय, आणि तो का फसला

पुढच्या शनिवारपर्यंत डीएमने जे केलं ते बहुतेक डीएम करतात: बोलायचं टाळून शत्रूच्या हातात उतारा दिला. गढीच्या दुसऱ्या दालनात तिने मॉन्स्टर मॅन्युअल या शत्रूंच्या पुस्तकातला ‘मेज’ (mage, म्हणजे जादूगार) बसवला. त्याच्याकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र) असतं आणि तिसऱ्या पातळीचे तीन स्लॉट असतात.

पहिल्या फेरीत फायरबॉल आला, मेजने काउंटरस्पेल टाकलं, आणि खेळाडूने त्या काउंटरस्पेलवर स्वतःचं काउंटरस्पेल टाकलं. २०१४ च्या नियमांत हे चालतं: फायरबॉल ही ॲक्शन, काउंटरस्पेल ही रिॲक्शन (झटपट प्रत्युत्तर), आणि स्वतःच्या पाळीतही रिॲक्शन वापरता येते. फायरबॉल बसला. दुसऱ्या फेरीत अगदी हेच. मेजला ४० हिट पॉइंट, दोन फायरबॉलमध्ये तो आडवा. खर्च झाला चार स्लॉटचा, आणि तिसऱ्या पातळीचे शिल्लक होते बावीस.

उताऱ्यात चूक कुठे होती? काउंटरस्पेल ही स्लॉटची स्लॉटशी अदलाबदल आहे. ज्याच्याकडे ढीग आहे त्याच्याशी एकास एक अदलाबदल केली तर तोच जिंकणार. रात्री छापा घालणं, ॲन्टीमॅजिक, आगीला न जुमानणारे शत्रू, यांचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. शिवाय प्रत्येक उतारा बाकीच्या तिघांनाही लागतो. आगीला न जुमानणारा राक्षस मंकच्या वाट्यालाही येतोच, आणि मंकने तर काहीच केलेलं नसतं.

मंकच्या खेळाडूने फासे पिशवीत टाकले. “अरे, आम्ही इथे टाळ्या वाजवायला बसलोय का?”

“नियमाबाहेर काय केलं मी, ते दाखव ना,” चौथा म्हणाला.

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहिण्यासारखं आहे. वॉरलॉकचे स्लॉट सॉर्सरी पॉइंटमध्ये बदलता येतात, असा खुलासा प्रकाशकाच्या अधिकृत ‘सेज ॲडव्हाइस’मध्येही आहे. फासे खोटे पाडलेले नव्हते, शीटवर खाडाखोड नव्हती. डीएमने खेळ तिथेच थांबवला आणि उरलेला वेळ बोलण्यात घालवला. या प्रकरणातला तो पहिला बरोबर निर्णय.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो: वॉरलॉकचे स्लॉट मोडायलाच बंदी. नळ मुळाशीच बंद होतो. पण अधूनमधून एखादा स्लॉट मोडणारं साधं सॉर्सरर-वॉरलॉक पात्रही त्यात मारलं जातं. चौथ्याचं पात्र या जोडीवरच उभं होतं, त्याला ते पुन्हा नव्याने बांधावं लागलं असतं.

दुसरा पर्याय ‘झॅनथर्स गाइड’मधलाच ऐच्छिक नियम. लाँग रेस्टशिवाय चोवीस तास गेले की वीस बाजूंच्या फाशाने कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) बचाव, लक्ष्य १०. नाही जमलं तर थकव्याची एक पातळी. पुढच्या प्रत्येक चोवीस तासांना लक्ष्य पाचाने वाढतं. या पात्राचा बचाव होता अधिक ५, कारण सुरुवात सॉर्सररने झाली होती आणि सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशनच्या बचावात प्रावीण्य असतं. गणित असं: पहिल्या दिवशी हरण्याची शक्यता २० टक्के, दुसऱ्या दिवशी ४५, तिसऱ्या दिवशी ७०, चौथ्या दिवशी ९५, आणि पाचव्या दिवसापासून बचाव अशक्यच. सात दिवसांचा प्रवास असता तर पात्र थकव्याच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर पोहोचलं असतं, आणि सहावी पातळी म्हणजे मरण. उत्तम! पण तीन दिवसांपुरतं पाहिलं तर सरासरी सव्वा ते दीड पातळी थकवा आणि बदल्यात बारा अधिक बारा स्लॉट. थकव्याच्या पहिल्या पातळीला क्षमतेच्या चाचण्यांवर डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरायचा (पाळीचा क्रम ठरवणारा इनिशिएटिव्ह त्यातच धरा), दुसऱ्या पातळीला वेग निम्मा होतो. लांब उभं राहून फायरबॉल टाकणाऱ्याला याचं फारसं सोयरसुतक नसतं. बचावाचा फासा तर समोरच्याने टाकायचा असतो. शिवाय नवव्या लेव्हलला क्लेरिकला ग्रेटर रिस्टोरेशन मिळणार होतं, शंभर सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड घालून थकव्याची एक पातळी उतरवणारं. म्हणजे हा नियम लोभाला मरणाची शिक्षा देतो आणि माफक लबाडीला मोकळं सोडतो.

तिसरा पर्याय नियमाच्या वाचनाचा: सलग आठ तास हलकं काम झालं की ती लाँग रेस्टच, खेळाडूने तिला काहीही नाव दिलं तरी. ऐकायला पटतं. चौथ्याने लगेच दाखवून दिलं की मध्ये तासभर डेकवर फेऱ्या मारल्या की लाँग रेस्ट मोडते. पुस्तकातच तसं आहे. मग फेऱ्या मारायचा तास वजा जाता सात तास उरतात. पळवाट अरुंद होते, बुजत नाही.

चौथा पर्याय मर्यादेचा: घडवलेले स्लॉट एका वेळी तीनच, म्हणजे प्रोफिशियन्सी बोनसइतके (लेव्हलबरोबर वाढणारा प्रावीण्याचा आकडा). सोपा, हिशेबाला बरा. तो बाद झाला एवढ्याचसाठी की त्यामुळे एकाच खेळाडूच्या शीटवर वेगळा कायदा आला असता, आणि चौथ्याला ते लागलं असतं.

पाचवा पर्याय शॉर्ट रेस्टच मोजायचा. २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड साहसाचा एक दिवस सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकींचा धरतं आणि त्यात साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरतं. वॉरलॉकला दोनच स्लॉट दिलेत ते याच अंदाजावर. कॉफीलॉकची पळवाट नीट पाहिली तर ती स्लॉटमध्ये नाहीच. पुस्तकाने दोन धरलेल्या शॉर्ट रेस्ट इथे छप्पन्न झाल्या, आणि त्या छप्पन्न झाल्या त्या डीएमने सात दिवस मोफत वाटले म्हणून.

निर्णय

पाचवा पर्याय ठरला. पहिलं वाक्य असं लिहिलं गेलं: ‘दिवसाला जास्तीत जास्त दोन शॉर्ट रेस्ट.’ सगळे हो म्हणणार तेवढ्यात मंकच्या खेळाडूने बोट ठेवलं. सात दिवस गुणिले दोन, चौदा. चौदा शॉर्ट रेस्ट म्हणजे अजूनही सात अधिक सात स्लॉट. पळवाट बुजवणाऱ्या नियमातच पळवाट होती, आणि ती सापडली तक्रार करणाऱ्याला.

वाक्य बदललं: ‘दोन लाँग रेस्टच्या मध्ये जास्तीत जास्त दोन शॉर्ट रेस्ट.’ फरक दिसायला एवढासा, पण मोजणी कॅलेंडरवरून उठून लाँग रेस्टला बांधली गेली. आता लाँग रेस्ट टाळली तर तिसरी शॉर्ट रेस्ट कधीच मिळत नाही, आणि घेतली तर घडवलेले स्लॉट जातात. कुठूनही आलं तरी कात्रीत सापडतं. थकवा नको, प्रोफिशियन्सीचा हिशेब नको, झोपेवर वाद नको.

दुसरा प्रश्न मागच्या ढिगाचा. तिसऱ्या पातळीचे बावीस स्लॉट अजून पात्राच्या खिशात होते. डीएमला ते तिथल्या तिथे पुसायचे होते. क्लेरिकच्या खेळाडूने मधला मार्ग काढला: गढीत जे झालं ते झालं, मेलेला मेज उठून बसणार नाही, उरलेले स्लॉट पुढच्या लाँग रेस्टला जातील, आणि ती लाँग रेस्ट गढी संपण्याआधी घ्यायची. चौथ्याने ते मान्य केलं, एका अटीवर. आस्पेक्ट ऑफ द मूनचा आता काही उपयोग नव्हता. ते पुढची लेव्हल येईपर्यंत न थांबता लगेच बदलून मिळावं. डीएमने दिलं. ही सूट छोटी होती, पण तीच नसती तर माणूस त्या रात्री टेबल सोडून गेला असता, असं नंतर तिघांनीही म्हटलं.

परिणाम

नव्या नियमात हे पात्र दोन शॉर्ट रेस्टमध्ये आठ पॉइंट कमावतं: दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट, तिसऱ्या पातळीचा एक. म्हणजे दिवसाला दोनऐवजी तीन फायरबॉल. तरीही टेबलावरचं सर्वांत जोरदार पात्र तेच राहिलं, पण आता फायरबॉल टाकायचा की राखून ठेवायचा, हा विचार त्याला करावा लागतो. गढीतलं शेवटचं दालन दीड तास चाललं.

भुर्दंड बसला तो मंकला. मंकची ‘की’ ही शक्ती शॉर्ट रेस्टमध्ये भरते; आठव्या लेव्हलला आठ पॉइंट. लांबलचक तळघरात पाचव्या चकमकीनंतर त्याला तिसरी शॉर्ट रेस्ट हवी होती आणि नियम आडवा आला. जो नियम त्याच्या तक्रारीतून आला, ज्याचं वाक्य त्यानेच दुरुस्त केलं, तोच त्याला नडला. डीएमने अपवाद केला नाही. ते बरोबर होतं का, यावर मतभेद होतील. एका वर्गासाठी तिसरी शॉर्ट रेस्ट आणि दुसऱ्यासाठी नाही, हा वाद पुन्हा सुरू होऊ नये एवढाच तिचा हेतू होता. चकमकी पाचावरून चारावर आणल्या असत्या तर तेही साधलं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं वळण पात्र बांधतानाचं. मल्टिक्लासला हो म्हणण्याआधी एकच प्रश्न पुरला असता: ‘एका शॉर्ट रेस्टमध्ये तुझ्या शीटवर काय काय परत येतं, आणि त्याचं तू काय करणार?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं की कॉफीलॉक तिथेच उघडा पडतो. नाव माहीत असायची गरज नाही.

दुसरं वळण जहाजाचं, आणि खरी चूक तिथेच. वेळ झपाट्याने पुढे न्यायचा असेल तर रेस्टही डीएमनेच ठरवायची: ‘सात दिवसांनी किनाऱ्यावर उतरता तेव्हा सगळे नुकतीच लाँग रेस्ट संपवून उठलेले आहात.’ एका वाक्यात विषय संपतो. ‘हवी तेवढी’ हा शब्दप्रयोग डीएमच्या तोंडी नसावाच. सोनं, वेळ, रेस्ट, भाड्याची माणसं, ‘हवी तेवढी’ म्हटलं की कोणीतरी वही काढतोच.

तिसरं, मेज बसवण्याआधी एक फोन. शनिवार ते शनिवार सात दिवस होते. ‘अरे, तो अठ्ठावीसचा आकडा मला झेपत नाहीये, बोलूया का?’ एवढं पुरलं असतं, आणि भर टेबलावर दोन मित्रांची जुंपली नसती.

२०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये खेळाडू नियमांचा गैरफायदा घेतात त्यावर स्वतंत्र मजकूर आला. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि ते सद्भावनेने वाचायचे असतात, असं त्यात सांगितलंय. शेतकऱ्यांची रांग लावून सहा सेकंदांच्या एका फेरीत हातोहात काठी मैलभर पोहोचवायची आणि शेवटी तिला तोफगोळ्याचा वेग आलाय म्हणायचं, या जुन्या विनोदाला ते उत्तर पुरतं. तिथे फक्त ‘नाही’ म्हणायचं असतं. कॉफीलॉकला मात्र पुरत नाही. इथे नियमाचा अर्थ कोणी वाकवलेला नाही. दोन सरळ नियम शेजारी ठेवले आणि मध्ये मोकळा वेळ ओतला. अशा वेळी ‘सद्भावना दाखव’ म्हटलं की समोरचा विचारणारच, कोणत्या ओळीत कमी पडली?

गढी संपण्याआधीच्या त्या लाँग रेस्टला घडवलेल्या स्लॉटपैकी तिसऱ्या पातळीचे एकोणीस न वापरताच गेले. चौथ्याने वहीतल्या जुड्या खोडरबराने पुसल्या, आणि त्याच पानावर नव्या नियमाचं वाक्य लिहून तारीख घातली.